पुरेसे आहे का?

गणिताला रामराम ठोकून आपण कलाशाखेत येतो आणि पदवीनंतर तेच गणित संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत पुन्हा पुढे उभे राहते! २०११ पासून तिथे सीसॅटचा पेपर आहे. २०१५ पासून त्याचे गुण निवडीत धरत नाहीत. पण २०० पैकी ६६ पडले नाहीत, तर पहिल्या पेपरासाठी केलेले इतिहास-राज्यशास्त्र वाया जाते. त्याच्या अभ्यासक्रमात ‘डेटा सफिशियन्सी’, म्हणजे माहितीची पर्याप्तता, हा दहावीच्या पातळीचा प्रकार आहे. माझ्या मते तो भाषेच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळचा. कारण उत्तर काढायचे नसते, नेमके एकच उत्तर निघेल का, एवढेच ठरवायचे असते.

प्रश्नाखाली दोन विधाने असतात. पहिले वाचून निर्णय घ्यावा, मग ते चक्क हाताने झाकून दुसरे वाचावे. दोन्ही स्वतंत्रपणे अपुरी ठरली, तरच त्यांची सांगड घालावी.

समजा, मीराने काही वह्या व पेन्सिली घेतल्या. वह्या किती? पहिले विधान : वही १२ रुपयांना, पेन्सिल ७ रुपयांना, बिल ५० रुपये. दुसरे : एकूण नग पाच. अज्ञात दोन तर समीकरणे दोन, हे शाळेत घोटलेले; म्हणून बहुतेक मंडळी ‘दोन्ही मिळून’ असे लिहून मोकळी होतात. पण अर्धी वही कोणी विकत नाही! एक वही घेतली तर ३८ रुपये उरतात, दोन घेतल्या तर २६, चार घेतल्या तर २. कशालाच ७ ने पूर्ण भाग जात नाही. एकही वही न घेता ५० लाही जात नाही. तीन घेतल्या तर १४, म्हणजे दोन पेन्सिली. पहिले विधान एकटेच पुरेसे आहे. मोह घालायलाच दुसरे ठेवलेले असते.

दुसरी गोम ‘आहे का’ या प्रश्नांत. अमुक पूर्ण संख्या मूळ आहे का? विधान : ती २४ पेक्षा मोठी व २८ पेक्षा लहान आहे. २५, २६, २७ यांपैकी एकही मूळ नाही. उत्तर ठाम ‘नाही’. तेव्हा माहिती पुरेशी.

पुरेसे वाटलेले विधान मोडून पाहावे. वर्ग ९ म्हटले की ३ आठवतो, उणे ३ आठवत नाही. विधानात बसणाऱ्या दोन संख्यांनी दोन उत्तरे दिली की ते अपुरे. तिसरी शोधू नये. आकृतीतला काटकोनही लिहिलेला असेल तरच मानावा.

प्रश्नपत्रिका हिंदी व इंग्रजीतच असते. ‘इंटिजर’, ‘प्राइम’, ‘डिस्टिंक्ट’ अशा शब्दांचे मराठी अर्थ मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहेत. हवे त्याने उतरवून घ्यावेत.