पाळी गेली म्हणजे धोका गेला? स्तनातल्या पेशींचं म्हातारपण काय सांगतं

खानापूरकडच्या माझ्या मावशीला साठीच्या आसपास छातीत गाठ लागली. तिने ती चार महिने कुणाला सांगितलीच नाही. का, असं विचारल्यावर म्हणाली, "अगं, पाळी जाऊन दहा वर्षं झाली. नातवंडं शाळेत जायला लागली. आता या वयात कुठलं आलंय छातीचं दुखणं? ते तरुण बायकांचं."

मावशी एकटी नाही. चांगल्या शिकलेल्या घरांतही हाच समज आहे. खरं तर गोष्ट उलटी आहे. बाई असणं हे सोडलं तर स्तनाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे वाढतं वय. अमेरिकेत या आजाराचं निदान होतं तेव्हाचं मध्यक वय ६२ आहे. आपल्याकडे रुग्ण त्याहून तरुण दिसतात, पण त्याचं एक कारण आपली लोकसंख्याच तरुण आहे हे विसरून चालणार नाही. चाळिशीच्या बायका संख्येनेच जास्त आहेत, म्हणून वॉर्डातही त्या जास्त दिसतात.

मग वय वाढलं की धोका का वाढतो? नेहमीचं उत्तर असं की पेशी विभागत राहतात, दर वेळी डीएनएची नक्कल करताना चुका होतात, त्या साठत जातात आणि एक दिवस एखादी पेशी बेफाम होते. हे खरंच आहे, पण तेवढंच नाही. १९८३ मध्ये माल्कम पाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक वेगळा विचार मांडला. धोका जन्मतारखेवरून मोजू नका, स्तनाच्या ऊतीचं वय किती झालं त्यावरून मोजा. हे वय पहिल्या पाळीपासून धावायला लागतं, पहिल्या बाळंतपणानंतर त्याचा वेग कमी होतो, पाळी गेल्यावर आणखी कमी होतो. वेग कमी होतो, थांबत नाही. मावशीचं गणित नेमकं इथेच चुकलं होतं.

पाइक यांचं हे आकडेमोडीवरचं अनुमान होतं. प्रत्यक्ष पेशीत काय घडतं हे बघायला पेशी हातात पाहिजेत. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत मार्था स्टॅम्पफर यांनी तो साठा उभा केला. स्तनाचा आकार कमी करण्याच्या ऑपरेशनमध्ये जी ऊती काढून टाकली जाते, ती त्यांनी घ्यायला सुरुवात केली आणि त्यातल्या पेशी बशीत वाढवायचं तंत्र वर्षानुवर्षं घासून पुसून नीट केलं. ऐकायला सोपं वाटतं, पण माणसाच्या निरोगी पेशी बशीत लवकर थकतात आणि विभागायच्या थांबतात. या साठ्यात विशीतल्या मुलींपासून म्हाताऱ्या बायकांपर्यंत अनेकींच्या पेशी जमा झाल्या, प्रत्येकीला फक्त एक नंबर.

याच साठ्यावर मार्क लाबार्ज यांनी काम केलं. आधी बर्कलीत, नंतर लॉस एंजेलिसजवळच्या सिटी ऑफ होप या संस्थेत. त्यांचा प्रश्न साधा होता. तरुणीच्या आणि वृद्धेच्या निरोगी स्तनपेशी शेजारी शेजारी ठेवल्या तर फरक काय दिसतो?

तो समजायला स्तनाची आतली रचना थोडी बघू. दूध वाहून नेणाऱ्या नळ्यांना दोन थरांचं अस्तर असतं. आतला थर दूध तयार करणाऱ्या ल्युमिनल पेशींचा. त्याच्याभोवती बाहेरचा थर, मायोएपिथेलियल पेशींचा. या स्नायूसारख्या आकुंचन पावतात आणि दूध पुढे ढकलतात. पण त्यांचं आणखी एक काम आहे. त्या आतल्या थराला कुंपणासारख्या धरून ठेवतात, आणि गाठ वाढायला त्या अडथळा करतात असं मानलं जातं. स्तनाचे बहुतेक कॅन्सर मात्र आतल्या ल्युमिनल पेशींसारखे दिसतात.

२०१२ मध्ये 'कॅन्सर रिसर्च'मध्ये या गटाचं संशोधन छापून आलं. वय वाढतं तशा कुंपणाच्या पेशी कमी होतात. पुढे काय व्हायचं ते अजून पक्कं न ठरलेल्या पूर्वपेशी मात्र साठत जातात. आणि ल्युमिनल पेशी आपली ओळखच थोडी विसरतात, बाहेरच्या थराची काही लक्षणं त्यांच्यात दिसायला लागतात. म्हणजे राखण करणारे कमी, ठिकाण न ठरलेले जास्त, आणि जे आहेत त्यांनाही आपण कोण याचा नीट पत्ता नाही. यात कॅन्सर कुठेच नाही बरं का, या सगळ्या निरोगी पेशी. पण रान वाळलेलं असलं की ठिणगीला फार काही करावं लागत नाही.

दोन वर्षांनी आणखी एक गोष्ट पुढे आली. तरुण पूर्वपेशी कडक पृष्ठभागावर ठेवल्या की त्यांचा कल कुंपणाच्या पेशी बनण्याकडे जातो. भोवताल कडक आहे की मऊ हे त्यांना 'कळतं'. वयस्क पूर्वपेशींना तोच इशारा नीट कळत नाही.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते २०१७ च्या प्रयोगाने. तरुण बाईच्या ल्युमिनल पेशी वृद्धेच्या मायोएपिथेलियल पेशींच्या थरावर वाढवल्या. त्या तरुण पेशींमधल्या जनुकांचा कारभार म्हाताऱ्या पेशींसारखा व्हायला लागला. ईएलएफ-५ नावाचं जनुक वयाबरोबर मंद होतं, ते या तरुण पेशींतही मंद झालं. आपल्याकडे संगतीचा परिणाम म्हणतात, तो असा बशीत दिसला. म्हणजे म्हातारपण एकट्या पेशीचं नसतं, शेजाऱ्याकडूनही येतं. नुसत्या डीएनएच्या चुका मोजून हे दिसलं नसतं.

२०२१ मध्ये या गटाने बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांत जन्मजात दोष असलेल्या बायकांच्या पेशी तपासल्या. वय कमी असूनही त्यांच्या पेशींत म्हातारपणाच्या खुणा आधीच दिसल्या. आई, मावशी, आजी यांना कमी वयात हा आजार झालेल्या घरांत मुलींनाही लवकर का होतो, त्याचा एक धागा इथे सापडतो.

उद्या कुणी तुम्हाला 'स्तनाचं वय मोजणारी टेस्ट' विकायला आलं तर मात्र पैसे देऊ नका. हे सगळं प्रयोगशाळेतलं काम आहे. दवाखान्यात मोजायची पट्टी अजून तयार नाही, आणि पेशी तरुण करणारं औषध तर नाहीच. पेशी म्हाताऱ्या झाल्या म्हणजे कॅन्सर होणारच, असाही अर्थ नाही. ऐंशी पार केलेल्या बहुतेक बायकांनाही हा आजार होत नाही.

आपल्या हातात आहे ती तपासणी. त्याचा मोठा पुरावा आपल्या मुंबईतलाच आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास केला. मशीन नाही, मॅमोग्राफी नाही. प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हाताने छाती तपासायच्या, अशा चार फेऱ्या. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये 'बीएमजे'त आला. तपासलेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला. सगळ्या वयांचा मिळून मृत्यूतला फरक ठाम म्हणण्याइतका नव्हता, पण पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीपुढच्याच, हे लक्षात घ्या.

हीच हाताने करायची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. बेळगाव असो, सावंतवाडी असो की इंदूर, केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सगळीकडे एकच. वय ३० ते ६५, दर पाच वर्षांनी एकदा. मधल्या काळात गाठ, कातडीला खळी, बोंड आत ओढलं जाणं किंवा त्यातून रक्त, यातलं काही दिसलं तर पाच वर्षांची वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं. आणि पासष्टीच्या पुढच्या आज्या, मावश्या या यादीत बसतच नाहीत. त्यांना बोलवायला कुणी येणार नाही, त्यांना घरच्यांनीच घेऊन जायला हवं.