सकाळचं मटण, संध्याकाळचा रस्सा

मागच्या कार्यक्रमानंतर वसईच्या एका मावशींचा फोन आला. त्यांचा मुलगा कॅनडात असतो. तिथल्या शेजाऱ्याने नोव्हेंबरात परवाना काढून हरणाची शिकार केली, सोललेलं हरीण पाच दिवस घरामागच्या शेडमध्ये टांगून ठेवलं आणि मग वाटे केले. मुलानेही खाल्लं, काही झालं नाही. मावशी म्हणाल्या, "तिथे पाच दिवस चालतं, मग मी सकाळी आणलेलं मटण पिशवीसकट पडवीतल्या खुंटीला संध्याकाळपर्यंत टांगलं, तर सून एवढी का रागावते? ताजं मटण फ्रिजात कोण ठेवतं?" सून सात महिन्यांची गरोदर आहे, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून आज याच विषयावर बोलूया.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाच्या शिकारीला बंदी आहे. तुंगारेश्वरच्या जंगलातलं चितळ असो की सांबर, त्याचं मांस जवळ बाळगणंही गुन्हाच. त्यामुळे आपला प्रश्न बोकडाच्या मटणाचा. पण उत्तर त्या हरणातच आहे.

जनावर मेल्यावर त्याचे स्नायू आधी ताठ होतात. मग मांसातलेच पाचक रस ते हळूहळू सैल करतात आणि मांस मऊ पडतं. टांगून ठेवतात ते यासाठी. पण तिथले जाणते शिकारी आधी तापमापक बघतात. दिवसा आणि रात्रीही पारा ० ते ४ अंश सेल्सियसमध्ये राहणार असेल, तरच मांस बाहेर राहतं. दुपारी ऊन चढणार असेल तर ते शीतगृहात जातं. ० च्या खाली मांस गोठतं आणि मऊ होण्याचं काम थांबतं. ४ च्या वर जंतू जागे होतात. म्हणजे त्या शेजाऱ्याची शेड हा एक मोठा फ्रिजच होता.

आता आपली पडवी बघा. ऐन डिसेंबरच्या पहाटेही आपल्याकडे पारा सहसा पंधराच्या खाली जात नाही. दुपारी तीस, आणि मे महिन्यात त्याहून जास्त, वर खाडीची दमट हवा. ५ ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. त्यातही आपल्या हवेइतक्या उबेत काही जंतू वीस-वीस मिनिटांनी दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार असं मोजत गेलात तर सात तासांत एका जंतूचे वीस लाख होतात.

शिवाय अख्ख्या मांडीच्या आत जंतू फारसे नसतात. ते असतात वरच्या बाजूला, सुरीचे, हाताचे, माश्यांचे. मटणाचे तुकडे केले की ही 'वरची बाजू' कितीतरी पटीने वाढते. म्हणून अख्ख्या रानेपेक्षा तुकडे लवकर खराब होतात, आणि खिमा सगळ्यात आधी.

कुणी म्हणेल, पाचूबंदरला, अर्नाळ्याला बोंबील उघड्यावर टांगतातच की! बरोबर. पण बोंबील पातळ असतो. ऊन-वाऱ्याने त्यातलं पाणी निघून जातं, आणि पाण्याविना जंतू वाढत नाहीत. मटणाचा गोळा वरून सुकलेला दिसतो, पण आत ओलाच असतो.

"पण आपण शिजवतो ना?" हा पुढचा प्रश्न. नीट शिजवल्यावर बहुतेक जंतू मरतात. पण काही जंतू वाढताना विष सोडून ठेवतात, आणि त्यातलं काही विष उकळूनही जात नाही. वासावरही विसंबू नका. आजारी पाडणाऱ्या जंतूंचा वास दर वेळी येतोच असं नाही. हळद-मीठ चोळल्याने चव येते, पण तेवढ्याने मटण दिवसभर टिकत नाही.

मग करायचं काय?

बाजारात बाकीची खरेदी आधी करा, मटण शेवटी घ्या. शक्यतो सकाळी लवकर, समोर कापून घ्या. कापल्यापासून दोन तासांच्या आत ते चुलीवर किंवा फ्रिजात गेलं पाहिजे. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. फ्रिजात झाकणाच्या डब्यात, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे त्याचं पाणी कोशिंबिरीवर ठिबकणार नाही. दोन दिवसांत वापरा, खिमा त्याच दिवशी. वीज गेली तर फ्रिज उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. आणि हाच नियम उरलेल्या रश्श्यालाही लावा. रात्रभर ओट्यावर ठेवू नका.

गरोदर बाई, तान्हं मूल आणि म्हातारी माणसं यांना असं दूषित अन्न जास्त बाधतं. आपल्याला एक दिवस पोट बिघडल्यासारखं वाटेल, पण त्यांना दवाखाना गाठावा लागू शकतो.

मावशी, तुमच्या सासूबाईंनी खुंटीला मटण टांगलं असेल, कारण त्यांच्याकडे फ्रिज नव्हता. पण आठवून बघा, तेव्हा सकाळी आणलेलं मटण दुपारच्या जेवणालाच चुलीवर चढायचं. संध्याकाळपर्यंत ते थांबतच नव्हतं. तुमची सून नवं काही सांगत नाही. येत्या रविवारी डबा तिच्या हातात द्या, आणि रस्सा मात्र तुमच्याच हातचा होऊ द्या.