पाळी गेल्यावरचे हार्मोन आणि २००२ सालची भीती

“हार्मोनच्या गोळ्या? नको गं बाई, त्यानं कॅन्सर होतो.” पाळी थांबायच्या वयातल्या बाईला हा सल्ला बहीण देते, जाऊ देते, कधी फॅमिली डॉक्टरही देतात. मग अंगातून गरम वाफा निघत असतात, रात्री घामानं गाऊन भिजलेला असतो, झोप पुरी होत नाही, आणि तरी ती “सगळ्यांचंच असं होतं, जाईल वर्षभरात” म्हणून सोसत राहते. वर्षभरात जातंच असं नाही. अमेरिकेत हजारो स्त्रियांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली, तेव्हा हा त्रास वारंवार होणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींना तो सात वर्षांहून जास्त काळ होत असल्याचं दिसलं.

कॅन्सरची भीती आली कुठून, हे नीट पाहायला हवं. जुलै २००२मध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या सरकारी पैशातून चाललेल्या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मुदतीआधीच थांबवला गेला. त्यात १६,६०८ स्त्रिया होत्या. काहींना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांची एकत्र गोळी, तर काहींना औषध नसलेली गोळी दिली जात होती. हार्मोन घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी जास्त आढळला. तो आकडा जगभर छापून आला आणि स्त्रियांनी गोळ्या टाकून दिल्या.

आता तोच आकडा उलगडून पाहू. औषध नसलेली गोळी घेणाऱ्या दहा हजार जणींत वर्षाला ३० जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, हार्मोन घेणाऱ्या दहा हजार जणींत ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांमागे वर्षाला आठ जणी जास्त. ही वाढ खरी आहे आणि तिला क्षुल्लक म्हणणं चूक ठरेल. पण ‘२६ टक्के’ ऐकून शंभरातल्या सव्वीस जणींना कॅन्सर होणार असं वाटतं, ते मात्र साफ चुकीचं आहे.

दुसरी गोष्ट त्या बातम्यांत जवळजवळ हरवूनच गेली. या अभ्यासातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटलेल्या, रक्तवाहिन्या थोड्याफार कडक झालेल्या स्त्रियांना हार्मोन सुरू केले, तर त्यांच्यावर होणारा परिणाम ४८ वर्षांच्या, नुकतीच पाळी अनियमित झालेल्या बाईला कसा लागू पडेल? भारतात तर पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षीच जाते. पुढे याच अभ्यासातले आकडे वयोगटांनुसार वेगळे काढल्यावर पन्नाशीतल्या स्त्रियांचं चित्र बरंच दिलासादायक निघालं. म्हणूनच आज तज्ज्ञांच्या संघटना सांगतात, की वय साठच्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, आणि औषध वर्ज्य ठरवणारा कोणताही आजार नसेल, तर त्रासावर उपाय म्हणून हार्मोनचा फायदा बहुतेक जणींच्या बाबतीत धोक्यापेक्षा जास्त असतो.

पण सगळे हार्मोन म्हणजे एकच औषध नव्हे. नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि तिथं कॅन्सर होऊ शकतो. १९७५मध्येच हे दिसून आलं. म्हणून गर्भाशय असलेल्या बाईला सोबत प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्यासारखं औषध द्यावंच लागतं. स्तनाच्या कॅन्सरचा धोका मुख्यतः या जोडीनं वाढतो. नुसत्या इस्ट्रोजेनचा धोका बराच कमी आहे. २०१९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणात पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं औषध घेणाऱ्यांचा हिशेब मांडला होता. पुढच्या काळात दोन्ही औषधं रोज घेणाऱ्या दर पन्नास जणींमागे एकीला, तर नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या दर दोनशे जणींमागे एकीला जास्तीचा कॅन्सर झाला. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’मध्ये मात्र गर्भाशय काढलेल्या, फक्त इस्ट्रोजेन घेतलेल्या गटात स्तनाचा कॅन्सर उलट कमीच आढळला. तेव्हा “जावेला चांगलं लागू पडलं” म्हणून तिच्याच गोळ्या दुकानातून आणणं धोक्याचं आहे. जावेचं गर्भाशय काढलेलं असेल आणि तुमचं नसेल, तर तिचं औषध तुमच्यासाठी अपुरं आणि घातक ठरेल.

औषध शरीरात कोणत्या वाटेनं जातं, यानंही फरक पडतो. तोंडावाटे घेतलेली गोळी आधी यकृतातून जाते आणि रक्त गोठवणारे घटक वाढवते, त्यामुळे पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्वचेवर लावायचं जेल किंवा चिकटवायची पट्टी यांत हा धोका वाढलेला दिसत नाही. वजन जास्त असलेल्या किंवा मायग्रेन असलेल्या बाईनं डॉक्टरांकडे ही चौकशी जरूर करावी.

योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमाबद्दल मला विशेष कळकळीनं लिहावंसं वाटतं. कोरडेपणा, आग, संबंधांच्या वेळी दुखणं, वारंवार होणारा लघवीचा संसर्ग हे त्रास गरम वाफांसारखे काळानं ओसरत नाहीत, उलट वाढतात. आणि लाजेपायी त्याबद्दल कुणी बोलत नाही. सत्तरीतल्या आजी वर्षातून चार वेळा अँटिबायोटिक घेतात, पण मूळ कारणाला हात लागत नाही. या मलमातून रक्तात अगदी नगण्य इस्ट्रोजेन जातं. तरी वेष्टनातल्या कागदावर गोळ्यांचेच इशारे छापलेले असत, आणि ते वाचून बाया ट्यूब न उघडताच ठेवून देत. नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं हार्मोनच्या औषधांवरचे हृदयविकार, स्तनाचा कॅन्सर आणि स्मृतिभ्रंशाबद्दलचे ठळक चौकटीतले इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला.

या भीतीची सर्वांत मोठी किंमत आपल्याकडे कोण मोजतं? ज्यांची पिशवी तरुणपणीच काढली, त्या. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९मध्ये पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, अनेकींचं तर चाळिशीच्या आत. गर्भाशयासोबत बीजांडकोशही काढले असतील, तर इस्ट्रोजेन काही दिवसांतच तळाला जातं. पस्तिसाव्या वर्षी पाळी गेलेल्या बाईची हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका लवकर येतो. विरोधी कारण नसेल तर अशा बाईला पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, हार्मोन द्यावेत असाच सल्ला आहे. शरीरानं त्या वयात जे तयार केलं असतं, तेच तिला परत द्यायचं असतं. ६३ वर्षांच्या स्त्रियांवरच्या अभ्यासातले धोक्याचे आकडे तिला लावणं हा अन्यायच आहे. गर्भाशय नसल्यानं बहुधा तिला नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. पण आपले बीजांडकोश राहिले की गेले, हेच कित्येकींना कुणी सांगितलेलं नसतं. शस्त्रक्रियेचे कागद असतील तर ते एकदा डॉक्टरांना दाखवावेत, कागद नसतील तर सोनोग्राफी करून घ्यावी.

उलट्या बाजूचेही गैरसमज आहेत. हार्मोन तारुण्य परत आणत नाहीत. हृदयविकार किंवा स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी म्हणून ते घेऊ नयेत. त्यांनी वजन वाढत नाही, पण कमीही होत नाही. गर्भनिरोधक म्हणूनही त्यांच्यावर विसंबता येत नाही. स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा शिरांत गुठळी होऊन गेलेली असेल, यकृताचा आजार सुरू असेल, तर सर्वसाधारणपणे ते दिले जात नाहीत. अशा जणींसाठी गरम वाफांवर हार्मोनविरहित औषधं आहेत. पाच वर्षांनी औषध बंदच करायचं असा ठाम नियमही नाही. दरवर्षी तपासणी करून, त्रास आणि धोका तोलून ठरवायचं.

आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी एक डाग का असेना, तर “पाळी परत आली” किंवा “उष्णता झाली” म्हणून थांबू नये. हार्मोन सुरू असोत वा नसोत, त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी करून घ्यावी.