मैदानात सिनेमा दाखवायचाय? मग आधी रात्री 10 चा हिशोब करा

मे महिन्यातली संध्याकाळ. मैदानात पडदा लावलेला, कडेला भेळ आणि उसाच्या रसाची गाडी, छोट्या स्टेजवर गाणी आणि अंधार पडला की सिनेमा. मालेगावसारख्या तालुक्याच्या गावात एखाद्या मंडळाला हे जमवणं तसं अवघड नाही. (हे वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव. सिनेमाचा विषय निघाला की लोकांच्या डोक्यात नाशिकचं येतं, कारण 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट तिथला.) प्रोजेक्टर भाड्याने मिळतो, साउंडवाला गावातच असतो. घोळ होतो तो घड्याळाचा.

मेच्या मध्यावर या भागात सूर्य मावळतो साधारण 6 वाजून 50 मिनिटांनी. पण सूर्य मावळला म्हणजे अंधार झाला असं नाही. भाड्याने मिळणारा 5,000 ल्युमेन्सचा प्रोजेक्टर 20 बाय 12 फुटांच्या पडद्यावर जेवढा उजेड टाकतो, त्याच्या जवळपास दुप्पट उजेड सूर्यास्ताच्या वेळी आकाशातूनच येत असतो. म्हणजे पडद्यावर फक्त फिकट सावल्या दिसणार. चित्र नीट दिसायला 7 वाजून 20 मिनिटं तरी होतात.

दुसऱ्या टोकाला कायदा उभा आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. बंद सभागृहाला यात सूट आहे, मैदानाला नाही. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार ही मर्यादा रात्री 12 पर्यंत वाढवू शकतं, पण ते दिवस सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी असतात. मंडळाने मे महिन्यात आपल्या सोयीने निवडलेला शनिवार त्यात बसेलच असं नाही.

उरतात 2 तास 40 मिनिटं. 'सैराट' 174 मिनिटांचा आहे. तो 7:20 ला सुरू केला आणि मध्यंतर दिलंच नाही, तरी संपायला 10:14 होतात. म्हणजे ज्या शेवटासाठी लोक बसलेत, नेमका तोच आवाजाशिवाय. त्यापेक्षा सव्वादोन तासांच्या आतला सिनेमा निवडावा, 15 मिनिटांचं मध्यंतर द्यावं आणि गाणी आधी उरकावीत. गाण्यांना अंधार लागत नाही. साडेसहा ते सव्वासातचा संधिप्रकाश एरवी वायाच जातो, तो गाणाऱ्यांना द्यायचा. सिनेमानंतर ऑर्केस्ट्रा ठेवणारे आयोजक मात्र भांडण स्वतःच ओढवून घेतात.

सिनेमा आणि जिवंत वाद्यं ही जोडी काही आजची नाही. दादासाहेब फाळकेंचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली आला, तेव्हा सिनेमाला आवाजच नव्हता. पुढे 1931 मध्ये 'आलम आरा' येईपर्यंत पडद्याजवळ बसून तबला-पेटी वाजवणारे लोक हाच सिनेमाचा साउंड होता. तंबूतला सिनेमा तर महाराष्ट्राच्या जत्रांमध्ये कित्येक दशकं चालला. ट्रकमध्ये प्रोजेक्टर, समोर तंबू, प्रेक्षक जमिनीवर. 35 मिमीच्या फिल्मची 1,000 फुटांची रीळ जेमतेम 11 मिनिटं चालायची, त्यामुळे तीन तासांच्या सिनेमाला 16 हजार फुटांहून जास्त फिल्म ट्रकमधून गावोगाव फिरायची. फिल्म गेली, डिजिटल आलं आणि बहुतेक तंबूवाल्यांचं गणित कोलमडलं. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (2016) या माहितीपटात हा शेवटचा काळ दिसतो.

मग सिनेमा आणायचा कुठून? इथे बहुतेक मंडळं चुकतात. मोबाइलवरच्या ओटीटी ॲपचं सबस्क्रिप्शन आहे, ते प्रोजेक्टरला जोडलं, तिकीट ठेवलं नाही, मग अडचण काय? अडचण अशी की ते सबस्क्रिप्शन घरगुती वापरासाठी असतं. मैदानात दाखवणं हे सार्वजनिक प्रदर्शन ठरतं आणि त्याला हक्कधारकाची, म्हणजे निर्माता किंवा वितरकाची, परवानगी लागते. कॉपीराइट कायदा 1957 मध्ये एक गंमत आहे. हौशी मंडळाने पैसे न घेता गाणी गायली किंवा नाटक केलं, तर त्याला कलम 52 मध्ये सूट आहे. ती सूट सिनेमाला नाही. त्यामुळे गावातली पोरं स्टेजवर फुकट गाणी म्हणतात ते चालतं, पण त्याच स्टेजमागच्या पडद्यावरचा फुकट सिनेमा चालत नाही. गाणारे पैसे घेणारे व्यावसायिक असतील, तर गाण्यांसाठीही गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना बघावा लागतो. शिवाय सिनेमा दाखवण्याच्या जागेसाठी जिल्हा प्रशासनाची आणि लाउडस्पीकरसाठी पोलिसांची लेखी परवानगी हवी. हे अर्ज आदल्या दिवशी नाही, काही आठवडे आधी करायचे.

पडद्याचं मात्र कुणी फारसं बोलत नाही, आणि खरा धोका तिथेच असतो. मे महिन्यात संध्याकाळी अवकाळीची वावटळ कधीही उठते. 20 बाय 12 चा ताणलेला पडदा म्हणजे जहाजाचं शीड. ताशी 50 किलोमीटरचा वारा त्याला साधारण 300 किलो वजनाइतक्या जोराने ढकलतो. दोन बांबू आणि सुतळी यापुढे टिकत नाहीत, आणि पडद्यासमोर सगळ्यात पुढे लहान मुलं बसलेली असतात. लोखंडी पाइपांची चौकट, चारी बाजूंनी जमिनीत रोवलेले ताण आणि वारा सुटला की पडदा झटकन खाली घेता येईल अशी दोरी, एवढं हवंच. पहिली रांग चौकटीच्या उंचीइतकी लांब ठेवावी.

जेवणाचं म्हणाल तर वऱ्हाडात रोडगे आणि वांग्याच्या भाजीला तोड नाही. पण रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजतात. तो विस्तव पडदा, जनरेटर आणि डिझेलच्या कॅनपासून दूर हवा, वाऱ्याची दिशा बघूनच. पंगत 15 मिनिटांच्या मध्यंतरात उठत नाही, तेव्हा मध्यंतरात भेळ-रस आणि पंगत 10 नंतर. जेवायला लाउडस्पीकर लागत नाही.