पारा, बाष्प आणि गारा

नागपूरचं हवामान : थोडक्यात

• कोरड्या हवेत नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१. बाष्पाचं प्रमाण बदलतं, ढग त्याचेच.

• तपांबर : सर्वांत खालचा थर. आपल्याकडे उंची सुमारे १६-१८ कि.मी. पाऊस-वादळं बहुतेक इथलीच. दर कि.मी.ला तापमान सरासरी ६.५ अंशांनी उतरतं.

• उन्हाळी गारपीट : बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा तापून वेगानं वर चढते. वर कडाक्याची थंडी; थेंब गोठतात, थरावर थर चढतो. वजन पेलेनासं झालं की गारा कोसळतात. संत्र्याचा बहर झडतो.

• पारा सावलीत मोजतात, झडपांच्या पांढऱ्या पेटीत. डांबरावरचा चटका वेगळा.

• ३० मे २०२४ : नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश. सेन्सर बिघडलेला निघाला.