सफरचंदाच्या ऊन ऊन फोडी

सफरचंद म्हटलें कीं आमच्याकडे प्रथम आजारी मनुष्य डोळ्यांपुढें उभा राहतो. इस्पितळांत कोणास भेटावयास जावयाचें असलें म्हणजे वाटेंत थांबून अर्धा डझन सफरचंदें घ्यावयाचीं, तीं रुग्णाच्या उशाशीं ठेवावयाचीं, आणि रुग्णास तीं खाववत नसल्यामुळें चार दिवसांनीं घरांतल्या मुलांनीं तीं कंटाळत कंटाळत संपवावयाचीं, असा बहुतेक घरांचा परिपाठ आहे. कांहीं संपतात, कांहीं टोपलींतच मऊ पडून केराच्या डब्यांत जातात. इतकें महाग फळ असें वायां जावें याचें आम्हांस नेहमींच वाईट वाटत आलें आहे. त्या मऊ पडूं लागलेल्या फळांचें काय करतां येईल, आणि तें करतांना आमचें स्वतःचें काय चुकलें, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः अ‍ॅपलेशियन पर्वताच्या आसपासच्या खेड्यांतून, सफरचंदाच्या फोडी लोण्यांत परतून, त्यांवर साखर व दालचिनी घालून न्याहारीस खाण्याची जुनी चाल आहे. ज्या उथळ, लांब दांड्याच्या बिडाच्या कढईंत त्या परततात तिला तिकडे स्किलेट म्हणतात. हा मेजवानीचा पदार्थ नव्हे. शरद् ऋतूंत उतरविलेलीं फळें शेतकरी तळघरांत सांठवून ठेवीत, आणि हिवाळा सरत आला कीं तीं सुरकुतूं लागत. कच्चीं खाण्यास तीं तितकीशीं रुचकर राहत नसत. मग गृहिणी तीं कढईंत घालीत. म्हणजे मूळ काटकसरींतूनच या पदार्थाला घरोघर स्थान मिळालें.

कांहीं वर्षांपूर्वीं नाताळच्या सुटींत एका हितचिंतकांनीं आमच्या वसतिगृहास सफरचंदांची एक पेटी पाठविली. त्या सुटींत घरीं न जातां येणारीं तीसेक मुलें मागें राहिलीं होतीं. वाटेंत आदळआपट होऊन निम्म्या फळांना मार लागला होता. आमच्या हातीं एक परदेशी पाकपुस्तक होतें. त्याबरहुकूम आपण मुलांना कांहीं तरी नवें खाऊं घालावें असा आम्हांस हुरूप आला. अर्धी पेटी एकदम चिरून मोठ्या लोखंडी कढईंत ओतली, वर पुस्तकाच्या हिशेबानें साखर व दालचिनीची पूड घातली आणि ढवळीत बसलों. अर्ध्या तासानें जें निघालें तें काळपट, गिळगिळीत आणि इतकें गोड होतें कीं जिभेला दुसरें कांहीं कळेना. मुलें गुणी, प्रत्येकानें दोन दोन घांस खाल्ले आणि "छान आहे, सर," असें म्हणून ताटें हळूच बाजूस सारलीं. आमच्या स्वयंपाकीणबाई इतका वेळ दाराशीं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो मास्तर, तुम्ही हें फळ परततां आहां कीं उकडतां आहां, तें आधीं ठरवायला हवं होतं."

त्या प्रश्नांतच उत्तर होतें. सफरचंदाच्या वजनाचा सुमारें ८५ टक्के भाग पाणी असतें. कढई चांगली तापलेली असून फोडी विरळ पसरल्या म्हणजे त्यांतून निघणारें पाणी निघतां निघतांच वाफ होऊन जातें, आणि फोडीचा तळ तुपांत भाजूं लागतो. तिला येणारा तांबूस रंग व खमंग वास या कोरड्या उष्णतेचा असतो. उलट, फोडींचा ढीग घातला कीं कढई निवते, पाणी तळाशीं सांचतें, आणि पाणी आहे तोंपर्यंत तेथील उष्णता १०० अंशांच्या फारशी वर जात नाहीं. मग भाजणें बाजूस राहून नुसतें उकडणें चालूं होतें. साखर आधीं घातल्यानें त्यांत भर पडते. कोशिंबिरींत मीठ आधींच घातलें म्हणजे काकडीला पाणी सुटतें, तें आमच्या मुलींना ठाऊक आहेच. साखरेनें सफरचंदाला पाणी सुटतें तें त्याच न्यायानें. काळपट रंगाचें कारण निराळें. सफरचंदांत तुरट द्रव्यें असतात. लोखंडाशीं त्यांचा संयोग झाला कीं रंग काळवंडतो, आणि आंबट रस लोखंडांत बराच वेळ राहिला तर पदार्थाला धातूची चवहि लागते.

परंतु पुस्तकावर विसंबून आमची जी मुख्य फसगत झाली ती फळाच्या जातीची. परतण्यासाठीं कठीण व आंबट फळ चांगलें. फळाच्या पेशी एकमेकींस चिकटवून ठेवणारें पेक्टिन नांवाचें एक द्रव्य असतें. जॅम व जेली घट्ट होतात त्या त्याच्याच योगानें. उष्णतेनें तें विरघळतें, पण फळांत आंबटपणा असला म्हणजे सावकाश विरघळतें, आणि म्हणून आंबट सफरचंदाची फोड शिजूनहि आपला आकार धरून राहते. गोड सफरचंदाची फोड पाहतां पाहतां ढासळते. आपल्या बाजारांत येणारें लाल सफरचंद बहुधा गोडच असतें, आणि तें तसें कां, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

हिमालयाच्या पायथ्याकडील टेंकड्यांवर इंग्रजांनीं एकोणिसाव्या शतकांतच सफरचंदाच्या बागा लावल्या होत्या. कुलूच्या खोऱ्यांत कॅप्टन ली यांनीं १८७० च्या सुमारास लावलेली बाग प्रसिद्ध आहे. पण तीं झाडें विलायती, फळें आंबूस. इकडील लोकांच्या जिभेस तीं मानवलीं नाहींत. पुढें १९०४ सालीं फिलाडेल्फियाच्या एका सधन क्वेकर घराण्यांतील सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स हा तरुण सिमल्याजवळील सबाथू येथें कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठीं आला आणि शेवटीं कोटगडच्या डोंगरांत स्थायिक झाला. तेथील शेतकऱ्यांचें दारिद्र्य पाहून त्यानें अमेरिकेंतून रेड डेलिशस जातीचीं कलमें आणविलीं व १९१६ च्या सुमारास लाविलीं. ही जात आयोवा संस्थानांतील जेसी हायट नांवाच्या शेतकऱ्याच्या बागेंत आपोआप उगवलेल्या एका झाडापासून निघालेली; रंगानें लाल, चवीनें गोड. लोकांना ती आवडली, शेजारच्या शेतकऱ्यांनीं कलमें नेलीं, आणि पाहतां पाहतां तो सारा डोंगराळ मुलूख सफरचंदाचा झाला. याच गृहस्थानें डोंगरांतील लोकांकडून सक्तीनें घेतल्या जाणाऱ्या बेगारीविरुद्ध लढा दिला आणि १९२१ सालीं स्वातंत्र्याच्या चळवळींत तुरुंगवासहि भोगला. १९३२ सालीं त्यानें हिंदु धर्म स्वीकारून सत्यानंद हें नांव घेतलें. १९४६ सालीं तो वारला. तेव्हां आपल्या टोपलींतील फळ गोड आहे तें एका परक्या मनुष्यानें इकडील लोकांची आवड ओळखली म्हणून. कच्चें खाण्यास तें उत्तमच. मात्र कढईंत घालतांना आंबटपणाची उणीव आपण भरून काढली पाहिजे, आणि साखर निम्म्यावर आणली पाहिजे. हें न कळल्यामुळें आमची अर्धी पेटी गेली.

आतां फळाची निवड. अगदीं पिठूळ झालेलें सफरचंद परतूं नये. त्याचा गर करून पोळींत भरावा. किंचित् मऊ, सुरकुतलेलें, एखाद्या ठिकाणीं मार लागलेलें चालेल. मार लागलेल्या जागीं येणारा तपकिरी रंग हा पेशी फुटून आंतील द्रव्यांचा हवेशीं संबंध आल्यानें येतो. चिरल्यावर फोडी काळ्या पडतात त्याचेंहि कारण हेंच. तेवढा भाग कापून टाकला कीं झालें. पण जेथें निळसर-हिरवी बुरशी दिसेल, किंवा आंत सडून कुजकट वास येत असेल, तें फळ सबंध टाकावें. त्या बुरशींत पॅट्युलिन नांवाचें विष असूं शकतें. तें भोंवतालच्या चांगल्या दिसणाऱ्या गरांतहि उतरतें, आणि शिजविल्यानें पुरतें नाहींसें होत नाहीं. काटकसर करणाऱ्या घरांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवणें फार अगत्याचें आहे. आमच्या पेटींतलीं सहा फळें बाईंनीं अशींच बाहेर काढलीं, आणि आम्ही त्यांतलीं दोन परत आंत घालूं पाहत होतों तेव्हां आमच्या हातांतून तीं घेतलीं.

चार-पांच माणसांच्या घरास चार मध्यम सफरचंदें पुरतात. तीं नीट धुवावीं, कारण बाजारांतील फळांवर पुष्कळदां मेणाचा पातळ थर दिलेला असतो. साल काढावी किंवा ठेवावी. आम्ही ठेवतों, तिच्यामुळें फोड एकसंध राहते. मधला बियांचा भाग काढून अर्ध्या बोटाच्या जाडीच्या फोडी कराव्या. फार पातळ केल्यास त्या उलटतांना मोडतात. चिरतां चिरतांच त्यांवर अर्ध्या लिंबाचा रस चोळावा. त्यानें त्या काळ्या पडत नाहींत आणि आंबटपणाची भरपाईहि होते. मग बीड चांगलें मुरलेला तवा किंवा जाड बुडाची कढई मध्यम आंचेवर तापवून दोन मोठे चमचे साजूक तूप घालावें. अमेरिकेंत लोणी घालतात. पण लोण्यांतील दुधाचा अंश लवकर करपतो, तुपाला तें भय नाहीं. एका थरांत मावतील तेवढ्याच फोडी पसराव्या आणि तीन-चार मिनिटें त्यांस मुळींच हलवूं नये. हें मुलांना सर्वांत अवघड जातें. उलथनें हातांत आलें कीं ढवळल्यावांचून राहवत नाहीं. तळ तांबूस झाल्यावर एकेक फोड उलटावी व दुसरी बाजूहि तशीच होऊं द्यावी. उरलेल्या फोडींचा दुसरा घाणा निराळा काढावा.

सर्व फोडी पुन्हां एकत्र करून आंच मंद करावी. आतां किसलेला गूळ दोन मोठे चमचे, पाणी दोन चमचे आणि चिमूटभर मीठ घालावें. गूळ विरघळून पाक फोडींना चकाकी येईपर्यंत आटला कीं अर्धा लहान चमचा दालचिनीची पूड, दोन लवंगांची पूड व किंचित् किसलेलें जायफळ घालून एकदां हलवून खालीं उतरवावें. मसाला शेवटीं कां? दालचिनीचा सुगंध ज्या तेलांत असतो तें उष्णतेनें उडून जातें, आणि पूड तापल्या तुपांत फार वेळ राहिली तर कडू होते. दालचिनी घेतांना शक्य तर पातळ, ठिसूळ, एकांत एक गुंडाळलेल्या पापुद्र्यांची घ्यावी. जाड, टणक सालीची जी मिळते ती बहुधा कॅसिया असते, तिचा वास उग्र व चव तिखट. कोंकणांतहि खरी दालचिनी होते, आणि दापोलीच्या कृषि विद्यापीठानें तिची 'कोंकण तेज' नांवाची जात काढली आहे. जायफळ मात्र बेतानेंच घालावें.

मागें उरलेली अर्धी पेटी बाईंच्या देखरेखीखालीं अशी परतली गेली. त्यास सारी दुपार लागली, कारण एका वेळीं एकच थर. फोडी बाजरीच्या ऊन भाकरीवर वाढल्या. थंडीच्या दिवसांत भाकरीबरोबर गूळ-तूप खाण्याची मुलांना संवय असतेच, त्यामुळें त्यांना तें परकें वाटलें नाहीं. पोळीबरोबर किंवा घट्ट सायीबरोबरहि त्या चांगल्या लागतात. ऊन फोडींवर दूध मात्र ओतूं नये. लिंबाच्या आंबटपणानें तें फुटतें. पितळेचें कल्हई नसलेलें भांडें वापरलें तर पदार्थ कळकतो. लोखंडी किंवा बिडाच्या भांड्यांत फोडी ठेवूं नयेत. तयार होतांच चिनी मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यांत काढाव्या, तवा गरम पाण्यानें धुवून आंचेवर कोरडा करावा आणि त्यास तेलाचा हात फिरवून ठेवावा.