जेवण फुकट, खोली पूर्ण भावात

सुट्टीचा हिशेब : लेखांक ९

गेल्या आठवड्यात विमान कंपन्यांच्या ‘सेल’चं गणित मांडलं होतं. आज विमान ऑर्लँडोला उतरलंय आणि पोरांना भूक लागलीय, असं समजू.

फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ला सुरू झालं. आज तिथे चार मोठी उद्यानं आहेत, दोन वॉटर पार्क आहेत आणि कंपनीची स्वतःची दोन डझनांहून जास्त हॉटेलं आहेत. या हॉटेलांतल्या पाहुण्यांसाठी ‘डिस्ने डायनिंग प्लॅन’ नावाची जेवणाची योजना असते. ती एरवी विकत घ्यावी लागते, पण अधूनमधून कंपनी ती फुकट देते, कधी सगळ्यांना तर कधी फक्त मुलांना. ही ‘फ्री डायनिंग’ची घोषणा कधी होते याकडे डोळे लावून बसणारी आणि झाली की शाळा, रजा, नातेवाइकांची लग्नं बाजूला सारून तारखा पक्क्या करणारी कुटुंबं अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्यांत आपली मराठी माणसंही आहेत, आणि भारतातून आईवडिलांना बोलावताना ‘तेव्हाच या, जेवण फुकट आहे’ असं सांगणारीही. सुट्टी अशी बेतावी का, हा आजचा प्रश्न.

पुण्यात शिकायला राहिलेल्यांना ही योजना चटकन कळेल, कारण ती खानावळीच्या कूपनांसारखी आहे. महिन्याचे पैसे आधी भरायचे आणि जेवायला जाल तसं एकेक कूपन फाडायचं. फरक एवढाच, की खानावळवाले आधी कळवलं तर खाडा धरतात. डिस्नेत खाडा नाही. हॉटेल सोडण्याच्या दिवशी मध्यरात्र झाली की उरलेली सगळी कूपनं बाद होतात.

योजनेचे दोन मुख्य प्रकार आहेत. स्वस्त प्रकारात दर रात्रीमागे माणशी काउंटरवरची दोन जेवणं, एक खाऊ, आणि मुक्कामभर हॉटेलात पुन्हापुन्हा भरून घेता येईल असा एक मग मिळतो. महाग प्रकारात काउंटरचं एक जेवण, टेबलावर बसून वेटरच्या हातचं एक, शिवाय खाऊ आणि मग. चार वर्षांच्या खंडानंतर जानेवारी २०२४मध्ये योजना परतली, तेव्हा स्वस्त प्रकार मोठ्या माणसाला रात्री ५७.०१ डॉलर आणि मुलाला २३.८३ डॉलर होता. महाग प्रकाराचा दर अनुक्रमे ९४.२८ आणि २९.६९ डॉलर. मूल म्हणजे तीन ते नऊ वर्षांचं. दहावा वाढदिवस झाला की ते मोठं माणूस, मग ते कितीही कमी जेवो. पाचवीतल्या मुलाच्या पोटाचा असा हिशेब दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही.

आता हे सगळं फुकट का देतात ते पाहू, कारण उत्तर त्यातच दडलंय.

योजना आली २००५मध्ये, आणि त्याच वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी ती पहिल्यांदा फुकट वाटली गेली. ऑगस्टच्या मध्यापासून अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत शाळा सुरू होतात, फ्लोरिडात उकाडा असतो, रोज दुपारी पाऊस असतो आणि हॉटेलं ओस पडतात. आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. खोलीचा भाव जाहीरपणे पाडला, तर गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही तोच भाव मागतं. जेवण दिलं की भावाची पाटी तशीच राहते, आणि शंभर डॉलरचं जेवण कंपनीला शंभर डॉलरला पडत नाही हे सांगायला नकोच. त्याच वर्षी विमानतळापासून हॉटेलापर्यंत फुकट बसही सुरू झाली. ती पुढे २०२२च्या जानेवारीपर्यंत चालली. बसने आलेल्या पाहुण्याकडे गाडी नाही, जेवणाची कूपनं खिशात, मग तो बाहेर जाईल कशाला? ऑर्लँडो शहरातली उपाहारगृहं, किराणा दुकानं, बाहेरची दुसरी उद्यानं, सगळी त्याच्या नकाशावरून पुसली गेली. व्यापार म्हणून हे फार हुशारीचं होतं, आणि मला त्यात काही गैर दिसत नाही. आपण डोळे उघडे ठेवून आत शिरावं एवढंच.

खरी अट खोलीची आहे. जेवण फुकट हवं असेल, तर खोली पूर्ण भावात घ्यावी लागते आणि उद्यानांची काही दिवसांची तिकिटंही सोबत घ्यावी लागतात. त्याच सुमारास खोलीच्या भाड्यावर वेगळी सूट चालू असते, पण ती घेतली तर फुकट जेवण नाही. म्हणजे निवड फुकट आणि विकत यांच्यातली नाहीच, दोन सवलतींमधली आहे. ‘फुकट’ हा शब्द दिसला की दुसरी सवलत नजरेआड होते, आणि जाहिरात करणाऱ्याला तेच हवं असतं.

आकडे मांडू. खोलीचे भाव आणि सुटीचं प्रमाण माझं, सोयीसाठी धरलेलं. योजनेचे दर २०२४चे. नवराबायको आणि दहाच्या आतली दोन मुलं पाच रात्री साध्या हॉटेलात राहिली, खोली रात्री २०० डॉलर. पंचवीस टक्के सूट मिळाली तर पाच रात्रींत २५० डॉलर वाचले, त्यावरचा कर धरला तरी तीनशेच्या आत. त्याऐवजी स्वस्त प्रकारची योजना फुकट मिळाली, तर तिची किंमत रात्रीला १६१.६८, पाच रात्रींची ८०८.४० डॉलर. इथे जेवण सहज जिंकतं.

आता मुलं नसलेलं जोडपं घ्या. उद्यानाला लागून असलेलं कंटेम्पररीसारखं महागडं हॉटेल, खोली समजा ७०० डॉलर. पंचवीस टक्के सुटीचे पाच रात्रींत ८७५ वाचले. महागड्या हॉटेलांना सहसा टेबलाच्या जेवणाची योजना मिळते. दोघांची पाच रात्रींची किंमत ९४२.८० डॉलर. वरवर पाहता जेवण पुढे. पण हे हॉटेल ज्या ऑरेंज काउंटीत येतं, तिथे हॉटेलभाड्यावर साडेबारा टक्के कर आहे आणि भाडं कमी झालं की करही कमी होतो. तो धरला की सुटीची बचत ९८४ डॉलरवर जाते. जेवण मागे पडलं. खोलीत माणसं जितकी जास्त आणि खोली जितकी स्वस्त, तितकं फुकट जेवण फायद्याचं. दोघंच आणि खोली भारी, तर भाड्यावरची सूट घ्यावी.

हेही झालं योजनेची छापील किंमत खरी मानून. मला तिथेच शंका आहे. एरवी तुम्ही जेवणावर जेवढा खर्च केला असता, तेवढीच त्या फुकट जेवणाची तुमच्यापुरती किंमत. या कसोटीवर बरीचशी मराठी घरं कमी पडतात, आणि त्याची कारणं आपल्या ताटातच आहेत. योजनेत मटणाची भारी डिश आणि भाजीचा बोल यांना एकच कूपन लागतं. काउंटरवर शाकाहारी पदार्थ साधारण १२ ते १५ डॉलरला मिळतो, वर चार-पाच डॉलरचं पेय. अशी दोन जेवणं आणि सहा-सात डॉलरचा खाऊ, एवढ्याने ५७ डॉलर गाठणं अवघड आहे. एकवीस वर्षांवरच्यांना जेवणासोबत बिअर किंवा वाइनही त्याच कूपनात मिळते. न पिणाऱ्याने लिंबू सरबत घेतलं तरी दर तोच. खोलीतल्या तीन वर्षांवरच्या प्रत्येकाने योजना घ्यायलाच हवी, त्यामुळे संध्याकाळी दूधभातावर भागवणारी आजीही ५७ डॉलरची.

आणखी एक गंमत. अ‍ॅनिमल किंगडम लॉजमध्ये ‘सना’ नावाचं उपाहारगृह आहे. खिडकीबाहेर जिराफ-झेब्रे चरत असतात आणि टेबलावर नान, कांदा कुलचा, पनीर पराठा आणि नऊ प्रकारच्या चटण्या-रायती येतात. डिस्नेत आपल्या माणसाने एकच जेवण टेबलावर बसून घ्यायचं ठरवलं, तर ते इथे घ्यावं असं मी म्हणेन. पण ही रोट्यांची परात तिथे स्टार्टरमध्ये मोडते, आणि २००८पासून योजनेतून स्टार्टर वगळलेत. म्हणजे जे खावंसं वाटतं त्याचे रोख पैसे, आणि कूपन वसूल करायला नको असलेली मुख्य डिश मागवायची. त्याच वर्षी टिपही योजनेतून गेली. चौघांचं टेबलावरचं दोनशे डॉलरचं जेवण ‘फुकट’ झालं, तरी अठरा टक्क्यांनी ३६ डॉलर खिशातून द्यायचे आणि वेटरकडे बघून हसायचं.

उलट बाजूही आहे, ती नाकारून चालणार नाही. मुलांच्या बाबतीत ही योजना खरोखर स्वस्त पडते. मिकी किंवा राजकन्या टेबलापाशी येऊन भेटतात अशा बुफेत मुलाचं एका वेळचं जेवण ४० डॉलरच्या आसपास जातं, आणि महाग प्रकारात त्या मुलाचा अख्ख्या दिवसाचा दर २९.६९ डॉलर होता. २०२५साठी तर मोठ्यांनी योजना विकत घेतली की मुलांची फुकट, अशी सवलत आली. ज्या घरात लहान मुलं रोज एका कार्टूनबरोबर जेवायला हट्ट धरणार आहेत, त्यांनी योजना विकत घेतली तरी तोटा होत नाही. सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं जेवण मात्र दोन कूपनं खातं, ते आधी पाहून ठेवा.

दुसरा फायदा पैशात मोजता येत नाही. भारतातून आलेले आईवडील मेन्यूवरच्या प्रत्येक आकड्याला मनातल्या मनात रुपयाने गुणतात आणि ‘मला भूकच नाही’ म्हणतात. पैसे आधीच भरलेत म्हटल्यावर तेच बाबा आइस्क्रीम मागतात. एवढ्यासाठी कुणी योजना घेतली तर मी हिशेब दाखवायला जाणार नाही.

पण वेळेचा हिशेब राहतोच. टेबलावरचं जेवण म्हणजे तास-दीड तास. उद्यानाच्या एका दिवसाच्या तिकिटाला माणशी शंभराहून जास्त डॉलर मोजलेले असताना रोज दीड तास बसून खायचं, कारण कूपन वाया जाईल! चांगल्या जागांचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं आणि झपाट्याने भरतं; न गेल्यास बऱ्याच ठिकाणी माणशी दहा डॉलर दंड. कूपनं वसूल करायची तर सहलीचा रोजचा आराखडा जेवणावरून ठरतो, आणि राइड उरलेल्या वेळात बसवाव्या लागतात. माझ्या मते योजनेचा खरा तोटा हा आहे, डॉलरचा नाही.

आणि तारखा? सवलतीचा हंगाम बहुतेकदा कंपनीच्या मंदीचा असतो, आपल्या सोयीचा नसतो. अटलांटिकमधली चक्रीवादळं जून ते नोव्हेंबरमधली, त्यांतला सप्टेंबर सर्वांत वाईट. २०१७च्या सप्टेंबरमध्ये ‘इर्मा’मुळे डिस्नेची उद्यानं दोन दिवस बंद होती. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना एप्रिल-मे आणि दिवाळी मोकळी. सप्टेंबरात मुलांच्या परीक्षा आणि बहुतेकदा घरी गणपती. न्यू जर्सीत मराठी वस्ती दाट आहे, तिथल्या शाळांना नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या अधिवेशनाची सुट्टी मिळते. पण तेव्हा अख्खी जर्सी डिस्नेला निघते, इतकी की त्या आठवड्याला तिथे ‘जर्सी वीक’ म्हणतात. ज्या आठवड्यात खोल्या आपोआप भरतात, त्यात कंपनीने जेवण का फुकट द्यावं? मुलांची शाळा बुडवून, पावसात, फुकटच्या बर्गरसाठी जाणं मला तरी पटत नाही. तारखा आपल्या ठरवाव्यात, मग त्या तारखांना काय सवलत आहे ते विचारावं.

एक गोष्ट जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहीत नाहीत. डिस्नेच्या उद्यानांत घरचं खाणं नेता येतं, फक्त काचेच्या बाटल्या आणि दारू चालत नाही. काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं. साध्या हॉटेलातल्या खोल्यांतही छोटा फ्रिज असतो, त्यात दही-दूध राहतं. थेपले, चिवडा, दशम्या घेऊन गेलात तर न्याहारी आणि चारची भूक दोन्ही भागतात, आणि मग दिवसाचं एकच जेवण रोखीने, मनासारखं घेता येतं. चौघांच्या शाकाहारी घराला माझा सल्ला हाच.

तरीही योजना घ्यायची असेल, तर त्याच तारखांचे दोन भाव लेखी मागवा: एक फुकट जेवणासह, दुसरा खोलीवरच्या सुटीसह, दोन्ही करासकट. दुसऱ्यात तुमचा जेवणाचा अंदाजे खर्च मिळवा आणि मगच ठरवा. फुकट जेवण पॅकेजमध्येच मिळतं, आणि पॅकेजचे सगळे पैसे येण्याआधी ३० दिवस भरावे लागतात. त्यानंतर रद्द केलं तर २०० डॉलर कापले जातात, आणि अगदी शेवटच्या एक-दोन दिवसांत त्याहून जास्त.